कढीपत्त्याचं तेल: काही महिने वापरल्यावर

कढीपत्त्याचं तेल लावायला लागून आता बरेच महिने झाले. इतके दिवस मुद्दाम थांबले, कारण केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो आणि आज गळणाऱ्या केसाची वाढ दोन-तीन महिन्यांपूर्वीच थांबलेली असते. पंधरा दिवसांत गळती थांबली असं कुणी सांगितलं तर मला ते पटत नाही.

तेल घरीच करते. पानं धुऊन सावलीत खडखडीत वाळवायची, यात घाई नको. पान ओलं असेल तर तेल अंगावर उडतं, शिवाय लवकर खराब होतं. मंद आचेवर खोबरेल तेलात पानं टाकली की भोवती बारीक बुडबुडे येतात. ते थांबले आणि पान चुरचुरीत झालं की लगेच गॅस बंद. पानं काळी पडली तर करपट वास शेवटपर्यंत जात नाही. गाळलेल्या तेलाला छान हिरवट झाक येते.

फरक पडला तो गुंत्यात. केस सहज विंचरले जातात, कंगव्यात तुटके तुकडे फार कमी दिसतात. याचं बरंचसं श्रेय खोबरेल तेलाचं: ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना जाणारी प्रथिनं वाचवतं. मुळापासून गळणारे केस तेवढेच आहेत (रोज ५० ते १०० गळणं नेहमीचंच), आणि पांढरे झालेले पांढरेच राहिले. कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवू नका. कोंडा वाढवणारी बुरशी तेलावरच पोसते.

पानं पोटातही जायला हवीत. ताटाच्या कडेला काढून ठेवण्यापेक्षा वाळवून पूड केली की सगळी खाल्ली जातात. त्यांत कॅल्शियम, बीटा कॅरोटीन आणि लोह आहे. हे लोह अंगी लागायला सोबत लिंबू हवं, जेवणाला लागून चहा नको. रक्तातली कमतरता मात्र एवढ्याने भरून निघत नाही. गळती एकदम वाढली तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्याच. कढीपत्त्याने रक्तातली साखर उतरल्याचं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय, पण त्या भरवशावर मधुमेहाची गोळी कुणी सोडू नये, हे अगदी कळकळीने सांगते.

मी हे तेल पुढेही लावणार आहे, न्हाण्याआधी तासभर. पहिल्यांदा लावणाऱ्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस वाट बघावी.