नॅरोबोटीचा नवा रंग: चकाकी पास, खिडक्या नापास

नॅरोबोट म्हणजे कालव्यांवरची लांब, अरुंद बोट. माझी ५७ फुटी, पोलादी पत्रा १०-६-४ मिलिमीटर (तळ, बाजू, केबिन), इंग्लंडच्या कालव्यांवर दिसते तशीच. तिची माहिती देत बसत नाही. गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी ग्रँड युनियन कालव्यावरच्या एका बोट-यार्डातून केबिन रंगवून घेतली. कोच इनॅमल, म्हणजे चकाकणारा तैलरंग, गडद निळा. छत फिकट राखाडी, म्हणजे उन्हात कमी तापतं. दर फुटावर असतो, फुटाला शंभर पौंडांच्या वरच. पौंडाचे रुपये करायची खोड काही जात नाही, त्यामुळे सुरुवातीला बोटीला हात लावायच्या आधी मी हात धूत होतो.

ताब्यात आली तेव्हा काम झकास दिसत होतं. एका टोकाला उभं राहून केबिनच्या बाजूवरून तिरकी नजर टाकली तर काठावरची झाडं वेडीवाकडी न होता दिसायची. रोलरने लावून लगेच ब्रशने ओढलेला रंग, पण ब्रशच्या रेषा शोधाव्या लागत होत्या. ओघळ एकच, तोही मागच्या दाराखाली, कुणी वाकून बघत नाही तिथे. व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर रत्नागिरीहून बाबांचा पहिला प्रश्न: "रंगाचं राहू दे, आधी नीट घासलंय का?"

हिवाळ्यात चकाकी गेली आणि माझं मत फिरलं. भेटेल त्याला सांगत होतो, हलक्या प्रतीचा रंग मारला म्हणून. मार्चमध्ये ते पुन्हा फिरलं. शाम्पूने धुतलं, पॉलिशने घासलं, वर मेण चढवलं, आणि आतून तोच निळा वर आला. बसला होता तो मळ: शेगड्यांच्या धुराची काजळी, झाडांचा चीक, वर ब्लिसवर्थच्या कालव्याच्या बोगद्यातलं टपटप पाणी. तेव्हा रंगाबद्दल तक्रार नाही. दक्षिणेची बाजू आधी विटते, म्हणून अधूनमधून वाइंडिंग होलमध्ये, म्हणजे बोट वळवायला कालवा रुंद केलेला असतो तिथे, बोट वळवून उलट्या तोंडाने बांधतो. डिझेल थोडं जातं, रंग वाचतो. पाण्याखालच्या भागाला लावतात त्या काळ्या बिट्युमेनचं काय सांगायचं, लॉकच्या (बोट वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या कप्प्याच्या) भिंती ते खरवडणारच आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा लावावंच लागणार.

आता खिडक्या. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, बायको म्हणते झोपेतही बोलतो.

एप्रिलमध्ये एका खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तपकिरी ओघळ आला. पुसला, चार दिवसांनी परत. यार्डाला फोटो पाठवले. उत्तर आलं: "हा आतल्या दमटपणाचा गंज आहे, रंगाची हमी त्याला लागू नाही." अर्धं खरं आहे. केबिन उबदार, चौकट थंड; बाष्पाचं पाणी होतं आणि चौकटीमागे उतरतं. पण तिथल्या पत्र्यावर रंग असता तर त्या पाण्याने काय बिघडलं असतं?

शेवटी स्क्रू काढून ती चौकटच बाहेर घेतली. मागे जुना हिरवा रंग, त्याच्याभोवती पट्टीने आखल्यासारखी मास्किंग टेपची रेघ, आणि कापलेल्या कडेवर नुसता नागडा पत्रा, नखाने पोपडे निघतील असा. म्हणजे खिडक्या काढल्याच नव्हत्या. टेप मारली, रंगवलं, टेप ओढली. धारदार कडेवरून ओला रंग तसाही मागे सरकतो आणि थर पातळ राहतो. म्हणून कड आधी घासून गोल करायची, तिला प्रायमरचा एक जादा हात द्यायचा, मग बाकीचं. हेच काम वेळखाऊ, आणि पैसे त्याचेच असतात. बाबांना कळवलं नाही.

मग बायकोच्या पर्समधला छोटा आरसा घेऊन छताच्या कडेच्या हँडरेलची खालची बाजू बघितली. तिथे अंडरकोट दिसतोय, वरचा हात पोचलेलाच नाही. छतावरच्या मशरूम व्हेंट (हवा खेळायच्या छत्रीसारख्या झडपा) मात्र काढून रंगवल्या आहेत, त्याबद्दल यार्डाला गुण देतो. व्हेंट काढता येतात तर खिडक्या का नाही, हे विचारलं, तर "कोटेशनमध्ये लिहिलं नव्हतं" म्हणे. बरोबर आहे, लिहिलं नव्हतं. "पूर्ण रंगकाम" लिहिलं होतं.

खडाजंगीनंतर त्यांनी वरून एक हात मारून द्यायची तयारी दाखवली. फुकट. मला फुकटाचं वावडं नाही, पण गंजावर रंग म्हणजे पुढच्या वर्षी तोच ओघळ, वर पुन्हा मोटरिंग करत तिथवर जाणं. नको म्हटलं. आता कोरड्या दिवशी, पत्रा दवबिंदूपेक्षा (दव धरायला लागतं त्या तापमानापेक्षा) निदान ३ अंश सेल्सिअस गरम असताना, एकेक खिडकी मीच काढतोय: वायर ब्रश, प्रायमर, नवं सीलंट. दुपारी चारनंतर ब्रश ठेवून देतो, कारण संध्याकाळचं दव ओल्या इनॅमलवर बसलं की चकाकी मारून टाकतं.

कोणी त्या बाजूला रंगवायला देणार असाल तर खिडक्या काढणार का, हे लेखी घ्या आणि जुन्या गिऱ्हाइकाची बोट बघायला मागा, निदान दोन हिवाळे काढलेली. ताज्या रंगाची कुठलीही बोट छानच दिसते.

उरलेला निळ्या रंगाचा अर्धा डबा मात्र यार्डातून मागून आणला. द्यायला जरा कुरकुरले, पण बिलात तो पूर्ण लावला होता.