पोटदुखी गेली, पण वेटिंग जीवघेणं

लेक नऊ वर्षांची, जूनपासून शाळेची वेळ झाली की पोटात दुखायचं. सोनोग्राफी नॉर्मल, सासूबाई म्हणाल्या देवाला गाऱ्हाणं घाला, तेही घातलं 😅 शेवटी बालरोगतज्ज्ञांनीच रत्नागिरीतल्या एका काउन्सेलर मॅडमकडे पाठवलं. त्या सीबीटी करतात, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, विचार आणि वागण्यावर काम करणारी मानसोपचाराची पद्धत. अमेरिकेतल्या डॉ. ॲरन बेकनी 1960च्या दशकात काढलेली पद्धत, म्हणजे मनात आलेला विचार खरा आहे का ते मुलानेच तपासायचं.

मला वाटलं नुसत्या गप्पा असतील, पण नाही. मॅडमनी वहीत शिडी काढायला लावली, सगळ्यात खाली ‘गेटपर्यंत जाणे’, भीती 10 पैकी 3, आणि वर ‘वर्गात उभं राहून वाचणे’, तिथे पोरीने 10 लिहून वर दोन रेघा मारल्या. एकेक पायरी, पुढची घाई नाही. घरी होमवर्क आम्हालाही, दुखतंय म्हटलं की लगेच घरी ठेवायचं नाही, हे मला जास्त जड गेलं.

बारा सेशन झाले, आता एसटीने एकटी जाते शाळेत. वाचन अजून अडतं.

तक्रार एकच, चारची अपॉइंटमेंट आणि नंबर साडेपाचला, आमची लांज्याची गाडी चुकते ना! चार स्टार.