पाण्याच्या बोटीला पाणी लागल्यास वॉरंटी नाही: रिमोटच्या बोटीसोबतचे दहा महिने

नोव्हेंबरात माझी बोट बंद पडली, तेव्हा विक्रेत्याच्या ग्राहक सेवेने विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "सर, बोटीला पाणी लागले होते का?" मी "हो" म्हणालो आणि तिथेच फसलो. आत पाणी शिरून झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही, असे मला अत्यंत नम्रपणे सांगण्यात आले. मी वॉरंटीचा कागद शोधून वाचला, तर त्यात खरोखरच तसे छापलेले होते. ७,४०० रुपये मोजून घेतलेली बोट कोरड्या जमिनीवर चालवायची होती काय, हा प्रश्न मी तीन वेळा लेखी विचारला. तिन्ही वेळा मला तोच मजकूर परत आला.

बोट ४५ सेंटिमीटरची, एका मोटरची आणि ७.४ व्होल्टच्या बॅटरीची आहे. बाकीचा तपशील हा लेख उघडणाऱ्यांना ठाऊकच असेल. वेग पुरेसा आहे. बॅटरी एकदा भरली की बोट पंधरा मिनिटे चालते असे खोक्यावर लिहिले आहे, प्रत्यक्षात नऊ-दहा मिनिटे मिळतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती शाफ्टच्या, म्हणजे मोटर आणि पंखा जोडणाऱ्या दांड्याच्या, नळीबद्दल, आणि घरातील मंडळींच्या मते मी गेले दोन महिने या नळीखेरीज दुसरे काही बोललेलो नाही.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा बोट चालवली, तेव्हाच आत चहाच्या कपभर पाणी सापडले होते. माझा संशय वरच्या झाकणावर गेला, कारण त्याची रबरी पट्टी एका कोपऱ्यात उचललेली होती. ती पट्टी बदलली, वरून रुंद चिकटपट्टी लावली आणि ओळखीच्या दोघांना "झाकण तेवढे सांभाळा, बाकी बोट उत्तम" असा सल्लाही दिला. तो सल्ला मी येथे परत घेतो.

दिवाळीनंतर खानापूर तालुक्यात मेव्हण्यांच्या शेततळ्यावर बोट नेली. शहराजवळ राकसकोपचा जलाशय आहे, पण ते पाणी बेळगावला पिण्यासाठी येते, तेव्हा तिथे खेळ करण्याचा विचारही मनात आला नाही. शेततळे काठोकाठ भरलेले होते. चौथ्या फेरीत बोट मागच्या बाजूने खाली बसू लागली, सुकाणू एका बाजूला वळून अडकले आणि बोट मधोमध थांबली. टेनिसच्या चेंडूला मासेमारीची दोरी बांधून तो बोटीच्या पलीकडे फेकायचा आणि दोरी हळूहळू ओढून बोट काठाला आणायची, हा उपाय सातव्या प्रयत्नात यशस्वी झाला. तोपर्यंत मेव्हण्यांचे सगळे शेजारी काठावर जमले होते.

घरी आल्यावर मी टबात पाणी भरले, बॅटरी जागेवर ठेवून झाकण काढले आणि बोट नुसती तरंगत सोडली. आतल्या बाजूला, जिथे शाफ्टची नळी संपते, तिथे टिश्यू पेपरची एक घडी ठेवली. झाकणच नसल्यामुळे वरून पाणी येण्याचा प्रश्न नव्हता आणि टब हलवणारे कोणी नव्हते. वीस मिनिटांनी कागदाचा नळीकडचा कोपरा करडा पडला आणि मग तो ओलावा कागदभर पसरत गेला. नळीतले जे ग्रीस बोटांना लागले, ते ताकासारखे पांढरट झाले होते. म्हणजे पाणी त्यात केव्हाचेच मिसळलेले होते.

ही नळी म्हणजे काही मोठे गूढ नाही. मोटर आत असते आणि पंखा बाहेर पाण्यात असतो. दोघांना जोडणारा शाफ्ट ज्या नळीतून जातो, तिच्यात ठासून भरलेले ग्रीस हेच पाणी अडवण्याचे साधन असते. शाफ्ट वेगाने फिरला की ते ग्रीस थोडे थोडे बाहेर पडते, म्हणून ते वरचेवर भरावे लागते. भरण्यासाठी नळीवर एक छोटी उभी तोटी ठेवली असती तर सिरिंजने एका मिनिटात काम झाले असते. ती तोटी या बोटीला नाही. शाफ्ट बाहेर काढायचा, तर जोडावरचे दोन ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे छोटे स्क्रू) दीड मिलिमीटरच्या ॲलन कीने, म्हणजे षटकोनी किल्लीने, सैल करावे लागतात, आणि त्यातला एक स्क्रू मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळीखाली अशा जागी आहे की तिथे कीही नीट शिरत नाही आणि नजरही पोहोचत नाही. दहा-पंधरा रुपयांची तोटी वाचवणाऱ्या माणसाच्या काटकसरीला मी एरवी दाद दिली असती, पण त्याने ती माझ्या पैशाने केली आहे.

मी बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील एका हायड्रॉलिक कारखान्यात हिशेब पाहतो. आमच्याकडे सिलिंडरच्या तोंडाशी तेलाचा एक थेंब दिसला तरी सुपरवायझर शिफ्ट थांबवतात. अशा गावात राहून बोटीत पाणी शिरू द्यायचे, ही मला शरमेची बाब वाटली. जवळच्या लेथवाल्यांना बोट दाखवली. त्यांनी शाफ्ट बोटांत फिरवून पाहिला आणि म्हणाले, "करूया की ओ, त्यात काय?" नळीला डाख लावता येणार नाही, कारण उष्णतेने बोटीचे प्लॅस्टिक वितळेल, हे त्यांनीच सांगितले. म्हणून शाफ्ट काढून नळीच्या वरच्या बाजूस दोन मिलिमीटरचे छिद्र पाडले आणि कापसाची वात आरपार ओढून आतला कीस काढला. मग पितळेचा खोगिरासारखा एक तुकडा वळवून, त्यावर तीन सेंटिमीटरची तोटी बसवून, ते सगळे अराल्डाइटने चिकटवले. मजुरी १२० रुपये झाली. आता दर दोन बॅटऱ्यांनंतर सिरिंजने वॉटरप्रूफ ग्रीस भरतो आणि पंख्याच्या बाजूने ताजे ग्रीस दिसले की थांबतो. त्यानंतर अकरा वेळा बोट चालवली आहे. आत पाण्याचा थेंब नाही. जे काम कारखान्याने करायला हवे होते, ते करून घेतल्यावर मला ही बोट आवडू लागली आहे, हे कबूल करणे भाग आहे.

रंगाच्या बाबतीत मात्र चूक सर्वस्वी माझी होती. मूळचे स्टिकर जून महिन्यात सुटू लागले, म्हणून घरात उरलेला गेटचा तेलरंग ब्रशने लावला आणि तो कोरडा झाला असे समजून आठ दिवसांनी वर लॅकरचा, म्हणजे झटपट वाळणाऱ्या रंगाचा, स्प्रे मारला. खालचा तेलरंग पाहता पाहता फुगला आणि साईसारखा सुरकुतला. लॅकरवर तेलरंग चालतो, तेलरंगावर लॅकर चालत नाही, हे कोणत्याही रंगाऱ्याने फुकट सांगितले असते. थिनरने रंग काढण्याची सोय नव्हती, कारण थिनर हे प्लॅस्टिकच खातो. पावसाळाभर संध्याकाळी पाणी लावून पॉलिशपेपर घासत बसलो, आधी ४०० नंबरचा, मग ८०० नंबरचा. बेळगावच्या पावसाळी हवेत लॅकर पांढरट पडतो, म्हणून पुढचा हात ऑक्टोबरात, प्लॅस्टिकचा प्रायमर मारून, दिला.

रंग कोणता, हाही आमच्या भागात साधा प्रश्न नाही. लाल-पिवळी, म्हणजे कन्नड झेंड्याच्या रंगांची, केली तर एका बाजूचे अर्थ काढतील, भगवी केली तर दुसऱ्या बाजूचे. शेवटी बोट पांढरी केली, तळ काळा केला आणि जहाजांच्या दिव्यांच्या रीतीप्रमाणे डावी कड लाल व उजवी हिरवी रंगवली. याचा फायदा अनपेक्षित निघाला. बोट आपल्याकडे तोंड करून येऊ लागली की रिमोटचे डावे-उजवे उलटे भासते आणि नवशिका माणूस हमखास काठावर आदळतो. आता लाल कड माझ्या उजव्या हाताला दिसली की बोट माझ्याकडे येत आहे, हे दुरूनच कळते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. अँटेनाची तार कारखान्यातून तळाशी गुंडाळून आली होती. या रिमोटच्या लहरी पाण्यातून जात नाहीत, म्हणून ती शहाळ्याच्या नळीत घालून उभी केली आणि पल्ला चांगलाच वाढला. बॅटरी महिनाभर वापरायची नसेल तर पूर्ण भरून ठेवू नये, ७.६ व्होल्टच्या आसपास ठेवावी. चार्जिंग मी खानापुरी कौलावर ठेवून करतो आणि तेवढा वेळ उठून जात नाही. शेवाळ पंख्यात गुंतले तर लगेच वेग सोडावा, कारण अडकलेली मोटर तिचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर जाळते.

भिजलेल्या सर्वोचे, म्हणजे सुकाणू वळवणाऱ्या छोट्या मोटरचे, ३८० रुपये मात्र मलाच भरावे लागले. विक्रेत्याने तक्रार बंद केल्याचा संदेश पाठवला आहे आणि सोबत पाच तारे देण्याची विनंती केली आहे. मी तीन दिले आहेत, त्यातला एक लेथवाल्यांचा आहे.