गादी उचलणारी फ्रेम घेताय? आधी बिलावरचा नंबर मोजा

अमळनेर, पारोळा, चोपडा, धरणगाव या पट्ट्यात एखाद्या मंगल कार्यालयात ‘हेल्थ प्रदर्शन’ लागलं असेल आणि तिथे गादी उचलणारी फ्रेम विकायला असेल, तर खिशात हात घालण्याआधी हे वाचा. आमचे ७,५०० रुपये गेलेत.

आईला रात्री आंबट पाणी घशाशी येतं. पलंगाची डोक्याकडची बाजू सहा ते आठ इंच वर घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. त्यात कंबरेचं दुखणं. आमच्याकडे अजून घरच्या कपाशीची, पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली गादी आहे. चादर खोचायची तर एका हाताने तिचा कोपरा उचलून धरायचा आणि दुसऱ्याने चादर आत सारायची. साठी उलटलेल्या बाईचं ते काम नाही.

प्रदर्शनातला पोरगा नेमकं हेच दाखवत होता. मूठ ओढली की कोपरा वीतभर वर. चादर खोचा, मूठ सोडा. आणखी ओढली की डोक्याकडची बाजू चढते आणि दातेरी पट्टीत अडकून राहते. ‘काकू, घेऊ नका, नुसतं झोपून तर बघा!’ जपानी टेक्नॉलॉजी, तीन वर्षांची वॉरंटी, आजच्या दिवसापुरता भाव, सगळं ओघाने आलंच. गोड बोलण्यात पोरगा पटाईत होता, हे मान्य.

खोच होती ती खालच्या गादीत. त्यांची गादी पातळ फोमची, ती फ्रेमबरोबर वाकते. रुईची गादी वाकत नाही, दुमडते आणि पायाकडे सरकते. फ्रेम कमरेपासून उचलत असती तरी एक वेळ चाललं असतं, पण ती फक्त खांद्याखाली येईल एवढीच आखूड. म्हणजे माणूस पोटात दुमडतो. पोटावर दाब आला की आंबट पाणी उलट जास्तच वर येतं. दोन-तीन उशा रचून झोपणाऱ्यांनाही म्हणूनच गुण येत नाही. उतार लांब हवा, पाठ सरळ राहायला हवी.

वर माल आला तोही दाखवलेला नव्हेच. तिथे जाड चौकोनी पाइप होता, घरी आला तो चिमटीत दबणारा पत्रा. दातेरी पट्टी प्लास्टिकची. टेम्पोवाल्याने उरलेले पैसे घेतल्याशिवाय खोकं खाली ठेवलं नाही. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, एमआरपी नाही, तक्रारीचा नंबर नाही. बंद पाकिटातल्या मालावर हे सगळं छापणं कायद्यानेच बंधनकारक आहे. पहिल्याच रात्री एका बाजूची पट्टी निसटली आणि आई तिरकी होऊन खाली आली. लागलं नाही, नशीब. उठून म्हणाली, ‘हाई काय शे रे भाऊ, गादी का घसरगुंडी?’

आता बिल. हातात दिलेल्या कागदावर बारीक अक्षरात ‘एस्टिमेट’, म्हणजे नुसता अंदाज, बिल नव्हे, असं लिहिलेलं होतं आणि वर ठळक जीएसटी नंबर. तो लोकांना सगळं रीतसर वाटावं म्हणूनच छापलेला असतो. खरा नंबर १५ अक्षरांचा असतो. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो, पुढची दहा अक्षरं पॅनची. या कागदावर मोजून १३ अक्षरं! जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की धंद्याचं नाव समोर येतं, लॉगिनही लागत नाही. स्टॉलसमोर उभ्या उभ्या होणारं काम आहे.

फोन केल्यावर ‘पैसे परत करतो’ म्हणून क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करा, पिन टाका, जमा होतील म्हणे. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागतच नाही. तसं सुनावल्यावर नंबर बंद. अशात कोणाचे पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, तासाभराचाही उशीर नको.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथूनच दावा करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पण समोरच्याचा पत्ताच खोटा, तर नोटीस धाडायची कोणाला? कागदावरच्या पत्त्यावर पिठाची गिरणी निघाली.

आईसाठी सुताराकडून बाभळीचे दोन ठोकळे करून घेतले. पलंगाचा पाय घसरू नये म्हणून वर खोबण आहे. गादी तीच, आता झोप लागते. चादर मी खोचतो.

कार्यालय भाड्याने घेणाऱ्याच्या आधारची प्रत तिथल्या फायलीत आहे. ती आम्हाला देत नाहीत, पोलिसांना द्यावी लागेल, म्हणून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिलाय. असाच १३ अक्षरांचा कागद तुमच्याकडे असेल तर फेकू नका. त्याचा आणि खोक्याचा फोटो काढून तुमच्या ठाण्यातही अर्ज द्या, पोचपावती मागून घ्या.