जुनं ड्रॉवरचं कपाट: सागवानी की शिसवी?

मुंबईत ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचर बाजारात दोन्ही मिळतात. शिसवी देखणं खरं, पण ते लाकूड घनमीटरला साधारण ८५० किलो भरतं; सागवान ६५०च्या आसपास. लिफ्ट नसेल तर सागवानीच घ्या.

लाकूड कुठलंही असो, खण पूर्ण बाहेर काढून बघा. कोपऱ्यांतले डव्हटेल सांधे (कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे, एकमेकांत अडकणारे दाते) किंचित असमान असतील तर बहुधा हाताने कापलेले. पाठ आणि खणांचे तळ अनेकदा हलक्या लाकडाचे. छिद्रांतून ताजी भुकटी गळत असेल तर कीड जिवंत आहे, सौदा सोडा.

पावसाळ्यात खण फुगून अडकतात. तेव्हा रंधा मारला की उन्हाळ्यात फटी पडतात. सरकपट्ट्यांवर मेणबत्ती घासणं पुरे. चपड्याच्या (लाखेच्या) पॉलिशवर गरम कप मात्र नको, पांढरा डाग उठतो. गडद शिसवीवर तो जास्तच खुपतो.