घरबसल्या बी.टीएच.: शिकवणं बरं, 'सरकारमान्य' ही मात्र थाप

मी नवापूरचा. भाच्याने एका बायबल कॉलेजातून घरी बसून बी.टीएच. (ख्रिस्ती धर्मशास्त्राची पदवी) केलं. फी मी भरली, तीन हप्त्यांत १८,००० रुपये, म्हणून रिव्ह्यूही मीच लिहितोय. नाव देत नाही.

आधी चांगलं सांगतो. पौलाच्या पत्रांवरची पुस्तिका खरोखर मेहनतीने, साध्या मराठीत लिहिलेली होती. शनिवारी रात्री एक सर फोनवर तासभर शिकवायचे; रेंज गेली तर स्वतः परत लावायचे. भाचा आता चर्चच्या मंडळीत उपदेश करतो तेव्हा ती तयारी जाणवते. ग्रीकमध्ये मात्र त्याला ७६ मार्क आहेत आणि अक्षरं धड पाच ओळखता येत नाहीत. नऊच्या नऊ विषयांत मार्क ७२ ते ७८ च्या मधेच. आमच्या नवापूरची तूरडाळसुद्धा इतकी एकसारखी निघत नाही.

हा पदवीचा कागद घेऊन तो धुळ्याला बी.एड.ची चौकशी करायला गेला. खिडकीतल्या क्लार्कने सोनेरी शिक्क्यावरून अंगठा फिरवला, कागद पालथा करून पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, हाई आठे चालाव नही." म्हणजे, हे इथे चालणार नाही.

मग मी माहितीपत्रक नीट वाचलं. 'सरकारमान्य'च्या पुढे जो नंबर होता, तो १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालचा. त्या कायद्यात भजनी मंडळाचीही नोंदणी होते! पदवी द्यायचा अधिकार वेगळा. यूजीसीच्या १९५६ च्या कायद्यात कलम २२ आहे, ते वाचा: कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. बाकी कोणी नाही. आमच्या जुन्या पाळकांची (चर्चच्या धर्मगुरूंची) बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी सेरामपूर कॉलेजची होती (नगरकडचं श्रीरामपूर नव्हे, बंगालमधलं). त्या कॉलेजला डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये पदव्या देण्याची सनद दिली, पुढे १९१८ मध्ये बंगालमध्ये त्यासाठी कायदा झाला. म्हणून कुठल्याही बायबल कॉलेजला आधी एकच विचारा: सेरामपूरशी किंवा एखाद्या विद्यापीठाशी संलग्न आहात का? असल्यास पत्र दाखवा. मी हे आधी विचारलं नाही, चूक माझीच.

'आंतरराष्ट्रीय मान्यता' देणाऱ्या परिषदेचाही नंबर छापला होता. लावला. फीचे हप्ते मागणाऱ्या बाईंनीच उचलला.

"मामा, आम्ही देवाच्या सेवेसाठी डिग्री देतो, नोकरीसाठी नाही," त्या म्हणाल्या. बरोबर आहे, पाळक कोणाला करायचं ते मंडळी ठरवते, सरकार नाही. मग जाहिरातीत सरकार कशाला आणलं? यावर फोन होल्डवर गेला. होल्डवरचं गीत छान होतं.

भाच्याने आता मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलंय, पहिल्या वर्षापासून. बहिणीने ते सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलंय. काढ म्हणायची माझी हिंमत होत नाही.

पाचपैकी दोन स्टार. दोन्ही शनिवारच्या सरांना.