आर्केड कॅबिनेटसाठी सॉकेटमधला वॉटमीटर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

वॉटमीटर म्हणजे उपकरण किती वीज खातं ते दाखवणारा मीटर. हा १६ अँपिअरचा, थेट सॉकेटमध्ये खोचायचा. त्यावर मोजलेली आर्केड कॅबिनेटं (नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमची कपाटं) दोन: एक जपानी, १०० व्होल्टचं, २९ इंची पिक्चर ट्यूबचं; दुसरं रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि १९ इंची एलसीडीचं.

पिक्चर ट्यूबचा वॉटचा आकडा एकदाच बघून वहीत लिहू नका. काळ्या पडद्याला ९५ वॉट, पांढऱ्याला १३०, म्हणजे गेम बदलला की आकडाही बदलतो. डेमो (कुणी खेळत नसताना आपोआप चालणारा गेम) तासभर चालू द्या आणि युनिटचा आकडा घ्या. इथे सरासरी ११० वॉट आली. चालू करताना डीगॉसिंग कॉइलचा (पिक्चर ट्यूबची चुंबकीयता घालवणाऱ्या वेटोळ्याचा) विजेचा झटका बसतो, पण तो मीटरच्या 'मॅक्स'मध्ये पूर्ण पकडला जात नाही. त्यावर विसंबून फ्यूज निवडू नये.

जपानी कॅबिनेटसाठी २३० चे १०० व्होल्ट करणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. मीटर त्याच्या आधी, भिंतीकडच्या बाजूला लावायचा. खरी गळती तिथेच सापडली. कॅबिनेटचं बटण बंद, तरी ट्रान्सफॉर्मर १२ वॉट खातोच. रोज एक तास खेळलं तर त्या तासाचे महिन्याला साधारण सव्वातीन युनिट होतात. उरलेल्या २३ तासांत नुसता ट्रान्सफॉर्मर सव्वाआठ युनिट जाळतो! बटण भिंतीवरचंच बंद करा.

व्होल्ट गुणिले अँपिअर करून वॉट काढू नका. एलसीडीच्या कॅबिनेटला २३० गुणिले ०.२२ म्हणजे ५१ येतात, खरे वॉट २८. पॉवर फॅक्टर, म्हणजे खरे वॉट भागिले हा गुणाकार, ०.५५ आहे आणि घरगुती बिल खऱ्या वॉटवरच येतं.

मीटरची खरी कमजोरी ५ वॉटच्या खाली दिसते. रास्पबेरी पाय 'शटडाऊन' केल्यावर चक्क ०.० दाखवतो. उपाय सोपा: मीटरच्या पुढे मल्टिप्लग लावून ४० वॉटचा जुना तारेचा बल्ब जोडा. एकटा बल्ब ३८.६, कॅबिनेटसकट ४२.१, म्हणजे ३.५ वॉट. दोन्ही वेळा व्होल्टेज तेच हवं. ५ व्होल्ट इकडेतिकडे झाले तरी बल्बच एक-सव्वा वॉटने हलतो आणि वजाबाकी फसते.

मीटरचीही परीक्षा घ्या. घरातलं बाकी सगळं बंद करून १०० वॉटचा तारेचा बल्ब लावा आणि मेन मीटरच्या लाल दिव्याच्या उघडझापी मोजा. त्यावर युनिटला ३२०० छापलं असेल, तर दहा मिनिटांत ५३ यायला हव्यात. बल्ब नेमके १०० ओढत नसेल, तर वॉटमीटर दाखवतो त्या प्रमाणात हिशेब करा. इथे फरक दोन टक्क्यांच्या आत निघाला.

दोन पिनांचं कन्व्हर्टर मध्ये घालू नका. अर्थिंग तुटतं आणि कॉइन डोअरच्या (नाणी टाकायच्या दाराच्या) पत्र्याला झिणझिण्या येतात. ६ अँपिअरची पिन १६ च्या खाचेत सैल बसते, ठिणगी उडते, मीटर रीसेट होतो. आतले बटण सेल उतरले असतील तर साठलेले युनिटही जातात. ते सातव्या महिन्यात बदलावे लागले. डिस्प्लेला दिवा नाही, त्यामुळे कॅबिनेटमागच्या सॉकेटमधला आकडा मोबाइलचा टॉर्च मारूनच वाचायचा, नाहीतर एक मीटर लांब वायरचा तीन पिनांचा एक्स्टेन्शन बोर्ड लावून तो बाहेर काढायचा.